लातूरच्या उन्हात ऑर्किड जगतं का? (सासूबाई रोज तांब्याभर पाणी घालतात)

माया_लातूर | १६ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली नुसती वाचतेय इथं, लिहायलेय पहिल्यांदा, चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आमची वास्तुशांत झाली. पुण्याच्या नणंदबाईंनी ऑर्किड आणलं, पांढरं, फुलपाखरासारखी फुलं, दोन दांड्यांवर मोजून १७. दोन महिने एक फूल गळालं नाही, येणारा-जाणारा हात लावून बघायचा प्लास्टिकचं आहे का म्हणून. एप्रिलच्या शेवटी फुलं गेली, ते जाऊ द्या, फुलं जाणारच. पण आता झाडच मरलालंय. पानं रबरासारखी लुळी पडलीत, सुरकुत्या आल्यात, खालची दोन पिवळी होऊन गळाली, चार राहिलीत. मला वाटलं ऊन वाढलंय, ४२ चाललंय इथं, पाणी कमी पडत असंल म्हणून रोज घालायला लागले तर अजूनच वाईट झालं. त्यात सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की तांब्यात उरलेलं ह्याच्या डोक्यावर ओततात. त्यांना वाटतं झाड आहे तर पाणी पिणारच की.

कुंडी हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, कूलरच्या तोंडासमोर. पाणी बोअरचं. मी काय करू सांगा. नणंद दिवाळीला येणार आहे, तिला काय तोंड दाखवू.

बिनपाण्याचा | १७ मे, सकाळी ७:०५

ताई राग मानू नका पण ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे जंगलातले लाड कशाला. आमच्याकडं बीडला आठ दिवसाला टँकर, माणसाला पाणी नाही. कोरफड लावा, निवडुंग लावा.

नांदेडचा_बाळ्या | १७ मे, सकाळी ७:३१

नणंदेला सांगा झाड माहेरी गेलंय बाळंतपणाला 😄

सर_परभणी | १७ मे, सकाळी ९:१२

मायाताई, आज पाणी घालू नका. सासूबाईंनाही आजच्या दिवस थांबवा, कसंही करून.

तुमचं झाड फॅलेनोप्सिस जातीचं ऑर्किड आहे. वर्णनावरून माझी खात्री आहे की ते तहानेनं नाही, पाण्यानं मरायलंय. पानं सुकलेली दिसतात म्हणून आपण पाणी वाढवतो, पण पानं सुकतात ती मुळं सडल्यामुळं. सडलेलं मूळ पाणी ओढतच नाही. म्हणजे कुंडी ओली आणि झाड तहानलेलं. मग आपण अजून घालतो, अजून सडतं. मी स्वतः पहिली तीन झाडं अशीच घालवलीत, २०११ पासून हा नाद आहे मला.

हे झाड मातीतलं नाही. फिलिपिन्स, इंडोनेशिया त्या बाजूच्या जंगलात झाडाच्या खोडाला चिकटून लटकतं. पाऊस आला की मुळं भिजतात, पाऊस गेला की वाऱ्यानं तासा-दोन तासात सुकतात, पुन्हा भिजतात. मुळावर स्पंजासारखा मेलेल्या पेशींचा थर असतो, व्हेलामेन म्हणतात त्याला, तो पाणी झटक्यात पितो. कोरडं मूळ चंदेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग बाहेर दिसायला लागतो. पाणी कधी घालायचं ह्याची पाटी झाडानं स्वतःच लावून ठेवलीय बगा: मुळं चंदेरी दिसली की घाला, हिरवी असली की हात लावू नका. म्हणून पारदर्शक कुंडी लागते.

आता झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं कशी दिसतात ते लिहा. घाबरू नका, ओढलं तर मरत नाही.

आणि बिनपाण्याचा भाऊ, तुमचं दुखणं कळतं, पण हिशोब करा. माझ्याकडच्या एका झाडाला आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागतं, आणि बुडवून काढलेलं तेच पाणी मी नंतर कढीपत्त्याला घालतो.

माया_लातूर | १७ मे, दुपारी ३:५५

सर काढलं. काय सांगू तुम्हाला, बाहेरची कुंडी चिनी मातीची, तिला खाली भोकच नाही! आत दुसरी प्लास्टिकची, आणि दोन्हीच्या मधी दोन बोटं पाणी, वास मारत होतं, गटारीसारखा. मुळं बहुतेक तपकिरी. एक बोटात धरून हलकं ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि आत दोऱ्यासारखी तार राहिली. अंगावर काटाच आला माझ्या. मधोमध शेवाळासारखं काहीतरी गच्च गोळा होता लिंबाएवढा, पिळला तर पाणी निघालं.

चांगली मुळं दोनच. एक वरच्या बाजूला हवेत आलेलं, कडक आहे. एक आतलं अर्धं हिरवं अर्धं काळं.

सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या हे तर बांडगूळ दिसतंय, झाडावरचं बांडगूळ घरात कशाला आणलं.

सर_परभणी | १७ मे, दुपारी ४:२०

दोन मुळं आहेत म्हणजे आशा आहे.

तो मधला गोळा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा. रोप लहान असताना कंपनीत त्याच्यात वाढवतात आणि तो न काढता तसंच मोठ्या कुंडीत टाकतात. बाहेरून कुंडीत भरलेली झाडाची साल कोरडी दिसते, आत गोळा ओलाच असतो. भेट म्हणून आलेली निम्मी ऑर्किडं ह्या गोळ्यानं जातात असं माझं मत आहे.

कात्री गॅसवर धरून लाल करा नाहीतर सॅनिटायझरनं पुसा. मऊ, पोकळ, तपकिरी ते सगळं कापा. दया करू नका. ते अर्धं मूळ काळ्या भागाच्या जरा वरून चांगल्यातून कापा. जखमेवर चिमूटभर दालचिनीची पूड, स्वयंपाकघरातलीच, फक्त कापलेल्या टोकाला, सगळ्या मुळाला फासू नका कारण ती मूळ सुकवते. मग झाड तसंच उघडं सावलीत रात्रभर ठेवा. काही होत नाही.

बीडबायपासवाली | १७ मे, संध्याकाळी ६:०२

मी संभाजीनगरची, २२ झाडं आहेत सध्या गॅलरीत. सरांचं बरोबर आहे, थोडं माझं सांगते.

कुंडी विकत आणू नका. एक किलो दह्याचा पारदर्शक डबा घ्या, खिळा तापवून बुडाला आठ-दहा आणि बाजूंनी पंधरा भोकं पाडा. त्यात भरायला कोळसा इस्त्रीवाल्याकडून, लाकडाचा, न जळलेला, राख नको. नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे करून तीन दिवस पाणी बदलत भिजवा, पहिल्या दिवशी चहासारखं पाणी निघतं ते सगळं जाऊ द्या. विटांचे तुकडे थोडे. पाइनची साल ऑनलाइन मिळते, पण आमच्याकडं मे महिन्यात नुसती साल एका दिवसात ठणठणीत कोरडी होते, म्हणून मी त्यात मूठभर मॉस मोकळं करून घालतेच. सर बहुतेक नाही म्हणतील.

सर_परभणी | १७ मे, संध्याकाळी ६:४०

नाहीच म्हणतोय. मॉस आणि आपलं बोअरचं पाणी ही जोडी वाईट. क्षार मॉसमध्ये साठत जातात.

बीडबायपासवाली | १७ मे, संध्याकाळी ६:४८

म्हणून तर मी बोअरचं घालतच नाही ना सर. आणि मॉस दरवर्षी बदलते. तुम्ही घरी असता, दिवसातून दोनदा बघता. मी सकाळी आठला ऑफिसला गेले की रात्री आठला येते, मधल्या बारा तासात नुसत्या सालीत झाडाचं वाळवण होतं.

सर_परभणी | १७ मे, संध्याकाळी ७:१५

हे मात्र मान्य. घरी माणूस असेल तर साल-कोळसा, नसेल तर थोडं मॉस. मायाताईंच्या घरी तर पाणी घालायला माणूस जास्तच आहे, त्यांनी मॉस वापरू नये 😀

इंद्रायणीकाठी | १८ मे, सकाळी १०:०९

मी मूळची उदगीरची, आता पुण्यात. माझी ऑर्किडं मस्त आहेत, एवढं काही अवघड नाही. आठवड्यातून दोनदा पाणी, रोज पानांवर स्प्रे, पश्चिमेच्या खिडकीत ठेवते. यूट्यूबवर पण असंच सांगतात.

बीडबायपासवाली | १८ मे, सकाळी १०:३०

ताई तुमच्याकडं चालत असेल. पण मायाताईंनी लातूरच्या पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी पापड होईल. मी केलंय. आधी पानावर पांढरट डाग पडतो, मग तो तपकिरी, मग काळा, आणि तो डाग कधीच जात नाही. पान हाताला गरम लागलं तर जागा चुकली समजा.

पूर्वेची खिडकी, जाळीचा पडदा, सकाळचं आठपर्यंतचं ऊन. बास. हात कुंडीच्या वर फूटभर धरला आणि सावली पुसट पडली तर उजेड बरोबर, कडक काळी पडली तर जास्त. आणि उजेड कमीही चालत नाही हां, टीव्हीशेजारी कोपऱ्यात पानं गडद हिरवी गार दिसतात, आपल्याला वाटतं किती निरोगी, पण गडद हिरवं म्हणजे उपाशी, त्याला फूल येत नाही. कैरीच्या सालीसारखा पोपटी-हिरवा रंग पाहिजे.

स्प्रेचं म्हणाल तर पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचून राहिलं की शेंडा सडतो, मधलं कोवळं पान ओढल्यावर हातात येतं. ह्या झाडाला शेंडा एकच, तो गेला की बहुतेक वेळा खेळ संपला. सासूबाईंचा तांब्या नेमका तिथंच पडायलाय.

नांदेडचा_बाळ्या | १८ मे, दुपारी १:१४

तांब्या हा शब्द ह्या धाग्यात व्हिलन झालाय.

मला एक सांगा, लग्नात स्टेजला लावतात ती जांभळी फुलं ऑर्किडच ना? मी परवा मित्राच्या लग्नातून आठ दांड्या उचलून आणल्यात, पाण्यात ठेवल्यात, मूळ फुटंल का?

सर_परभणी | १८ मे, दुपारी १:५०

बाळू, ऑर्किडच, पण डेंड्रोबियम जातीची फुलं, थायलंडहून पेट्याच्या पेट्या येतात. ती नुसती फुलाची दांडी आहे, तिला मूळ फुटत नाही. गुलदस्ता म्हणून ठेव, पाणी बदलत राहिलास तर दहा-पंधरा दिवस मजेत टिकतात.

पण चांगला विषय काढलास. आपल्या मराठवाड्यात पहिलं ऑर्किड घ्यायचं तर मी डेंड्रोबियमच घ्या म्हणेन, फॅलेनोप्सिस नाही. डेंड्रोबियमला उसासारखी कांडी असते, तिच्यात ते पाणी आणि अन्न साठवून ठेवतं. चार दिवस गावाला गेलात तर कांडीला सुरकुती पडेल पण मरणार नाही. ऊनही जास्त सोसतं, माझी गच्चीवर ५० टक्के शेडनेटखाली आहेत. फॅलेनोप्सिसकडं साठवायला नुसती पानं. जुनी कांडी पानं गाळून काठी झाली तरी कापू नका, ती नवीन कोंबाला पोसते. लोक वाळली म्हणून कापतात आणि मग विचारतात फूल का नाही.

बिनपाण्याचा | १८ मे, रात्री ९:२२

उसासारखी कांडी म्हणता, मग ते पण उसासारखं पाणी पिणार 😏

(अर्धा लिटरचं वाचलं. बरं. आमच्याकडं मुलगी मागायली कधीची. बघू.)

माया_लातूर | १९ मे, रात्री १०:१०

झालं लावून! दह्याचा डबा, कोळसा, सोडण, वीट. पाणी कोणतं घालू ते सांगा. बोअरचं पाणी आमचं लै जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो.

बीडबायपासवाली | १९ मे, रात्री १०:४४

माझ्या सोसायटीच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर ११०० दाखवतो. ते पाणी मी कढीपत्त्यालासुद्धा घालत नाही. मुळांच्या टोकाला काळं पडतं, कोळशावर मिठासारखा थर येतो, झाड मरत नाही पण वाढतही नाही, वर्षभर तसंच बसून राहतं रुसल्यासारखं.

पावसाचं पाणी सगळ्यात भारी. मी जूनमध्ये पहिले दोन पाऊस सोडून देते गच्ची धुऊन जाऊ द्यायला, मग पन्हाळीखाली दोन ड्रम भरते, झाकण घट्ट लावते डास नको म्हणून, दिवाळीपर्यंत पुरतं. नंतर आरओचं पाणी. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जातं ते नाही बरं का, त्यात तर सगळे क्षार असतात, ते फरशीला. एसीचं नळीतून गळणारं पाणीही मी वापरते, ते हवेतलंच पाणी असतं, क्षार नसतात.

रीत अशी: पातेल्यात पाणी घ्या, डबा अर्ध्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मुळं हिरवी झालेली दिसतील, उचला, पूर्ण निथळू द्या. बशीत पाणी राहता कामा नये. सकाळी करा, म्हणजे रात्रीपर्यंत पानांतलं काही राहिलं असेल तर सुकतं. उन्हाळ्यात बहुतेक दर तिसऱ्या दिवशी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, पण वार लावून घालू नका, मुळं बघून घाला.

खत सध्या नाही. मुळंच नाहीत तर खाणार कशानं.

सर_परभणी | २० मे, सकाळी ८:३५

आता खरा प्रश्न हवेचा. मुळांना पाणी कमी लागतं पण हवेत ओल पाहिजे, ५० टक्क्यांच्या वर. आपल्याकडं मेच्या दुपारी ती २० च्या खाली जाते, ओठ फुटतात आपले.

कूलर चांगला, पण तोंडासमोर नाही. कूलर चालू असलेल्या खोलीत, झोत लागणार नाही अशा बाजूला. झोत लागला की पान दोन्हीकडून सुकतं. खोलीची एखादी खिडकी उघडी ठेवा, नाहीतर हवा कोंदट होऊन बुरशी येते.

पण तुमच्या मुळं नसलेल्या झाडाला मी दुसरी जागा सांगतो. घरात माठ आहे का? मातीचा, पाझरणारा?

माया_लातूर | २० मे, सकाळी ८:५०

आहे की. स्वयंपाकघरात तिवईवर, पूर्वेच्या खिडकीजवळ. पण ती जागा सासूबाईंची.

सर_परभणी | २० मे, सकाळी ९:०४

मग तिथंच. माठ दिवसभर पाझरतो आणि सुकतो, त्याच्याभोवतीची हवा गार आणि ओली राहते. आमच्या घरी मी ओलावा मोजायचं ऑनलाइन मिळतं ते छोटं मशीन ठेवून बघितलंय, हॉलमध्ये २४ दाखवत असताना माठाजवळ ४७ होतं. झाड माठाला टेकवून नाही, वीतभर बाजूला.

अजून एक, हे झाड पानांची छिद्रं रात्री उघडतं, दिवसा मिटून घेतं, आपल्या निवडुंगासारखं. म्हणजे रात्रीची हवा गार आणि ओली असली तर त्याचं अर्धं काम झालं. उन्हाळ्यात रात्री आठ-नऊला माठाच्या बुडाशी एक तांब्या फरशीवर ओता. झाडावर नाही. फरशीवर.

नांदेडचा_बाळ्या | २० मे, सकाळी ९:१०

तांब्याचं पुनर्वसन झालं 🙏

माया_लातूर | २० मे, दुपारी २:३०

सासूबाईंना सांगितलं, आई हे झाड आता तुमच्या माठापाशी, तुम्हीच सांभाळायचं, पाणी मात्र मी म्हणेन तेव्हा, आणि तुमचा तांब्या रात्री खाली फरशीवर. त्या म्हणाल्या बांडगुळाचे एवढे नखरे. पण तिवई सरकवून जागा करून दिली.

कन्नडघाट | २१ मे, रात्री ११:१५

बांडगुळावरून लिहितो. आईंना सांगा, दिसायला सारखं वाटतं पण जात वेगळी. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचं पाणी-अन्न ओढतं, आंब्याची फांदी वाळवून टाकतं. ऑर्किड नुसतं फांदीवर बसतं, झाडाचं काही खात नाही. खोडावरून वाहणारं पावसाचं पाणी, साचलेला पालापाचोळा, पाखरांची विष्ठा, एवढ्यावर भागवतं. भाडेकरू म्हणा, तोही विजेचं बिल स्वतः भरणारा.

मराठीत ह्या अख्ख्या कुळाला आमरी म्हणतात. आणि ऑर्किड म्हणजे परदेशी असंही नाही. वांडा टेसेलाटा नावाचं ऑर्किड महाराष्ट्रातल्या कोरड्या पानगळीच्या रानातही आंब्यावर, बाभळीवर मिळतं, मळकट पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मधी जांभळी जीभ. कित्येक ठिकाणी वैद्य त्याची मुळं रास्ना म्हणून वापरतात. उन्हात बाकी झाडं निष्पर्ण झालेली असतात आणि हे चामड्यासारखी पानं घेऊन तसंच बसलेलं असतं. आणि सह्याद्रीत सीतेची वेणी, तिचा लोंबता तुरा बघितला की नाव कुणी ठेवलं असेल त्याला दाद द्यावी वाटते. आसामचं ते राज्यफूल आहे.

आता हे वाचून कुणी कोयता घेऊन निघू नका. घाटात रस्त्याच्या कडेला झाडासकट उपटलेली वेणी विकायला ठेवलेली असते, शंभर-दोनशेला. घेऊ नका. आपल्या गॅलरीत ती एका उन्हाळ्यात मरते, आणि रानात पुन्हा उगवायला वर्षं जातात. ऑर्किडचं बी धुळीसारखं, त्यात अन्नाचा साठाच नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. नर्सरीतलं झाड प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं असतं, तेच घ्या.

बीडबायपासवाली | २१ मे, रात्री ११:४०

+१. आणि नर्सरीवाल्याचं सगळं ऐकू नका हेही लिहिते. माझ्या मैत्रिणीला एकानं सांगितलं काळी माती आणि शेणखत अर्धं अर्धं. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे पण ऑर्किडच्या मुळाला ती ओली असताना गाळ आणि वाळली की सिमेंट. बारा दिवसात झाड आडवं.

माया_लातूर | ९ जुलै, रात्री ९:१७

खूप दिवसांनी आले. पाऊस झाला इकडं बऱ्यापैकी. झाड जिवंत आहे! जूनमध्ये अजून एक पान गेलं, तीनच राहिली, मी आशा सोडली होती. पण परवा मधोमध नखाएवढं नवीन पान दिसलं.

पण पानाच्या बुडाशी पांढरं कापसासारखं काहीतरी चिकटलंय, बोटाला चिकट लागतं. बुरशी आहे का?

सर_परभणी | ९ जुलै, रात्री ९:४५

अभिनंदन! बुरशी नाही, पिठ्या ढेकूण. कपाशीवर, सीताफळावर येतो तोच. कान साफ करायच्या काडीला सॅनिटायझर लावून एकेक पुसून काढा, पानाच्या बेचक्यात, पानाच्या खालून. दर पाच दिवसांनी, महिनाभर, कारण अंडी राहतात. घरात शेतातलं औषध फवारू नका, माठ आहे शेजारी. मुंग्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला इकडून तिकडं नेतात.

पान येतंय म्हणजे आता खत चालेल. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ विद्राव्य खत घ्या, डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात तेच. लिटरला पाव ग्रॅम, म्हणजे चिमूट, पंधरा दिवसांतून एकदा, आणि आधी साध्या पाण्यानं भिजवून मग. शेतकऱ्याच्या घरचे असाल तर हात आवरा, आपल्याला चिमटीनं खत घालायची सवय नसते.

बिनपाण्याचा | २ ऑगस्ट, सकाळी ७:५८

मुलीसाठी डेंड्रोबियम घेतलं, ३५० ला. गच्चीच्या जिन्याखाली टांगलंय. कुणाला सांगू नका.

माया_लातूर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मंडळी, अर्जंट. चार पानं आहेत आता. दिवाळीला नणंद आली, झाड बघून म्हणाली, अगं तुझं जिवंत आहे? माझं तर मार्चमध्येच गेलं. मी काही बोलले नाही.

पण मुख्य म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या मधून काहीतरी बाहेर आलंय, तांदळाच्या दाण्याएवढं, हिरवं. थंडी पडलीय, रात्री १३-१४. दांडी आहे का हो? फोटो टाकतेय, हात हलला माझा.

नांदेडचा_बाळ्या | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३६

दांडी! पेढे!

कन्नडघाट | २३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

फोटोत भूत दिसायलंय. पण वेळ तर दांडीचीच आहे, ह्या झाडाला फुलाची दांडी काढायला रात्री गार लागतात, काही आठवडे. आपल्याला फुकट मिळतं हे.

बीडबायपासवाली | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आकार बघा. टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं असेल तर दांडी. गुळगुळीत, गोल, बोथट आणि चकचकीत असेल तर मूळ. आठ दिवस थांबा, दांडी उजेडाकडं वर वळते, मूळ कुठंही जातं. आणि रात्री १२ च्या खाली गेलं तर खिडकीपासून आत घ्या, परभणीत तर ७-८ पर्यंत उतरतं, सर काय करता?

सर_परभणी | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

रात्री सगळी घरात, खाटेखाली. सौ. म्हणतात मलाच बाहेर काढावं.

मायाताई, माझं मत मूळ.

माया_लातूर | ४ डिसेंबर, रात्री ९:०२

मूळच निघालं. पेन्सिलीएवढं जाड, टोक हिरवंगार चकचकीत, खाली वळून डब्याच्या कडेवरून आत शिरायलंय. त्याच्या मागून दुसरं पण डोकावतंय.

थोडी हिरमुसले खरं सांगायचं तर.

सर_परभणी | ४ डिसेंबर, रात्री ९:२०

हिरमुसू नका हो. दोन मुळांच्या झाडाला दांडी आली असती तर मी तुम्हाला ती कापायला सांगितली असती, आणि तुम्ही कापली नसती, आणि झाड फुलता फुलता गेलं असतं. आता मूळ आलंय तर पुढच्या थंडीपर्यंत पाच-सहा पानं करू द्या त्याला. टोक फार नाजूक असतं, डबा उचलताना धक्का लागू देऊ नका, टोक मोडलं की त्या मुळाची वाढ थांबते.

माया_लातूर | ४ डिसेंबर, रात्री ९:४१

धक्का कोण लावतंय सर. आजपासून सासूबाईंनी माठ भरायला दुसरी बाजू धरलीय, त्या बाजूनं कुणाला जाऊ देत नाहीत. मघाशी शेजारच्या काकूंना सांगत होत्या, आमच्या बांडगुळाला मूळ फुटलं म्हणून.